बारा आठवड्यांत मोजता येईल असा सूड

लिफ्टवालीचा सूड पूर्ण झाला. बाराव्या आठवड्याच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, ठरलेल्या मुदतीच्या एक दिवस आधी, तीनशे माणसांच्या देखत तिच्या शत्रूचे दोन्ही कान लालबुंद झाले, आणि ते झाल्याची नोंद एका निवृत्त मुख्याध्यापिकेने वहीत घेतली.

असं काही झालेलं नाही. ज्यांनी वरचा परिच्छेद वाचला त्यांनी तो वाचलाच नाही असं समजावं. ज्यांनी वाचला नाही त्यांचा प्रश्नच नाही. लिफ्टवाली अजून सहाव्या मजल्यावरच्या आपल्या घरात पोळ्या लाटाव्यात तशा जोराने इस्त्री फिरवते आहे, आणि सूड वगैरे तिच्या डोक्यात नाही. म्हणजे आहे, पण मोजता येईल असा नाही.

तिला लिफ्टवाली म्हणायचं कारण सरळ होतं. ती लिफ्ट दुरुस्त करायची. अकरा वर्षं. शहरातल्या निम्म्या इमारती तिच्या हाताखालून गेल्या होत्या. फोनवर नुसता मोटरचा आवाज ऐकून ब्रेक घासतोय की दोर सैल पडलाय हे ती सांगायची, आणि समोरचा माणूस फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे संशयाने बघायचा. आणि या अकरा वर्षांत ती एकदाही लिफ्टमध्ये बसली नव्हती. भीती वाटायची. दार बंद झालं की ते पुन्हा उघडणारच नाही असं तिला वाटायचं. आणि अडकलेल्या माणसाला सोडवायला जी बाई येते ती आपणच असल्यामुळे आपल्याला सोडवायला कुणीच येणार नाही, हा हिशोबही तिने करून ठेवला होता. त्यात चूक काढणं अवघड होतं.

त्यामुळे वर मोटर रूमला जिन्याने, खाली खड्ड्यात उतरायलाही जिन्याने. चाचणीच्या वेळी आत वाळूची पोती चढवायची. "पोतं घाबरत नाही आणि बढायाही मारत नाही," असं सांगायची. तिच्या साहेबांना वाटायचं, बाई अंगाने चपळ आहे. सासूबाईंना वाटायचं, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी जिना सांगितलाय. नवऱ्याला काहीच वाटायचं नाही, त्याला एकूणच कमी वाटायचं, त्यामुळे संसार उत्तम चालला होता.

दोन वर्षांपूर्वी ती एका ग्रुप कोचिंगला गेली. वीस माणसं गोल बसलेली, मध्ये कोच, भिंतीवर मोठा कागद, आणि कागदावर सगळ्यांनी मिळून केलेला करार. पहिलाच नियम होता, 'इथलं इथेच'. लिफ्टवाली नियम मानणारी बाई. आठ माणसांची क्षमता लिहिली असेल तर नववा उंदीरही चढू देणार नाही अशी. तिने तो नियम दोनदा वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आपली भीती सांगितली. सांगून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन तिने कोचला स्वतःच्या हाताने आभाराचं पत्र लिहिलं.

पुढच्या वर्षी कोचने आपल्या वार्षिक मेळाव्यात, भरल्या सभागृहात, तिची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. तीनशे माणसं पोट धरून हसली. त्याचा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला. सासूबाईंनी तो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'बघा गं, हसून हसून मेले, ही बाई जिन्याने जाते, आमच्या सूनबाईसारखी.' मग पाच मिनिटांनी लिहिलं, 'अगं बाई.'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. हे साहेब त्या मेळाव्याला तिसऱ्या रांगेत होते. कंपनी दरवर्षी चार जणांना पाठवायची.

"ही तू का?" त्यांनी फोन पुढे केला.

"साहेब, तो म्हणतोय ती जाड आहे आणि तोतरी आहे. मी आहे का?"

"भीती कोणाची आहे?"

लिफ्टवालीला ब्रेकबद्दल खोटं बोलता येत नसे आणि इतर विषयांवर तिने कधी प्रयत्न केला नव्हता. "माझी," ती म्हणाली.

"माझा तुझ्या कामावर भरवसा आहे गं," साहेब म्हणाले, आणि हसू आवरायला त्यांनी पेन तोंडात धरलं. "पण लोक हसतात. काल एका इमारतीतून फोन आला, 'जिनाताईंना पाठवणार असाल तर आम्ही खुर्च्या मांडून बसतो.' असं कसं चालेल? लोकांचं हसू थांबलं की ये, घेऊन जा तुझी हत्यारं."

हत्यारांची पिशवी साहेबांच्या कपाटामागे खिळ्याला टांगली गेली, आणि लिफ्टवाली तक्रारींच्या टेबलावर. दिवसभर फोन घ्यायचा, 'लिफ्ट बंद आहे' हे ऐकायचं, वहीत लिहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं. जाणारा माणूस ब्रेक सोडून भलतंच काही बदलून यायचा, आणि चार दिवसांनी तोच फोन पुन्हा. तिच्या हातावरचं वंगण पहिल्यांदाच पूर्ण निघालं. स्वतःचे हात तिला पाहुण्यासारखे वाटायला लागले.

तिला फक्त पिशवी परत हवी होती. पण पिशवी आणि ती यांच्यामध्ये तीनशे माणसांचं हसू उभं होतं, आणि ते हसू तिथे आणून ठेवणारा माणूस एकच होता. तिने असा विचार केला की एका सभागृहात एका वेळी दोन हसू मावत नाहीत. लोकांना त्याच्यावर हसवलं की तिच्यावरचं आपोआप बाहेर पडेल. लिफ्टचं तत्त्व होतं हे. एक बाजू वर गेली की दुसरी खाली येते. तिने माहेरच्या आडनावाने त्याच कोचच्या नव्या बॅचमध्ये नाव घातलं.

कोचची खोली दाताच्या दवाखान्याच्या वर होती. खाली ड्रिल सुरू झालं की वरच्या पाण्याच्या ग्लासात बारीक लाटा उठायच्या आणि कोच म्हणायचा, "बघा, बदल जाणवतोय." यावेळी आठच माणसं होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना अडुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकायचं होतं. एक बेकरीवाला, ज्याला आपल्या मोठ्या बहिणीला आठवड्यातून निदान दोनदा 'नाही' म्हणायचं होतं. आणि पाच जण, ज्यांना वजन कमी करायचं होतं, त्यामुळे त्यांचा वेगवेगळा उल्लेख करण्यात अर्थ नाही.

कोचने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? त्याने तिची गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की त्याच्या डोक्यातली लिफ्टवाली आता वेगळीच झाली होती. उलट पहिल्याच दिवशी, वातावरण मोकळं व्हावं म्हणून, त्याने तिलाच तिची गोष्ट सांगितली.

"ही एवढी जाडजूड बाई," त्याने हात पसरले, "डोक्यावर हा एवढा बुचडा, आणि मला म्हणते, 'स-स-सर, मी लिफ्टवाली, पण मला लिफ्टची भी-भी-भीती वाटते!'"

सगळे हसले. काटकुळी, कापलेल्या केसांची लिफ्टवालीही हसली, सगळ्यांच्या अर्धा सेकंद मागून. मुख्याध्यापिका बाई हसल्या नाहीत. त्यांची एकतीस वर्षं वर्गाकडे बघण्यात गेली होती. खोडी कुणी काढली यापेक्षा उशिरा कोण हसलं हे त्या आधी बघत.

"तिने तुम्हाला हे कुठे सांगितलं, सर?" बाईंनी विचारलं.

"अशाच एका ग्रुपमध्ये."

"मग तिथे 'इथलं इथेच' नव्हतं?"

"होतं ना! म्हणून तर मी नाव घेत नाही."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि लिफ्टवालीच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

मग करार लिहायला घेतला. एक, इथलं इथेच. दोन, कुणाच्याही ध्येयाला 'का' विचारायचं नाही. "'का' म्हणजे भूतकाळ," कोच म्हणाला, "आपण फक्त 'कसं' आणि 'कधीपर्यंत' विचारायचं." तीन, प्रत्येकाच्या ध्येयाला सगळ्यांनी मदत करायची. चार, करार बदलायचा तर सगळ्यांच्या संमतीने. मग एकेकाने ध्येय वाचलं. लिफ्टवालीची पाळी आली.

"एका माणसाचा सूड घेणे," तिने वाचलं.

"अरे बापरे, का?" पाचांपैकी एक जण म्हणाला.

"नियम दोन!" कोचने बोट वर केलं. मग तो लिफ्टवालीकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर कामाचा आनंद पसरला. "सूड हे ध्येय नाही, ती इच्छा झाली. ध्येय मोजता आलं पाहिजे. सूड झाला हे तुम्हाला कळणार कसं?"

"त्याला लाज वाटली की."

"लाज कशी मोजणार?"

लिफ्टवालीला हे सुचलं नव्हतं. कोचला सुचलं. "कान!" तो म्हणाला. "माणूस तोंडाने खोटं बोलतो, कानांनी नाही. कान लाल झाले की लाज खरी. लिहा. कुठे घ्यायचा?"

"ज्या सभागृहात त्याने माझं हसं केलं तिथेच."

"वा! किती लोकांसमोर?"

"तीनशे."

"कधीपर्यंत?"

"बारा आठवड्यांत."

कोचने टाळी वाजवली. "असं ध्येय हवं! इथे पाच जण वजन घेऊन आलेत, एकाने तरी किती किलो ते सांगितलं का?" पाचांनी माना खाली घातल्या. "सह्या करण्याआधी करारात कुणाला भर घालायची आहे?"

"मला," लिफ्टवाली म्हणाली. "नियम मोडला तर काय, ते ठरलेलं नाही."

"आपल्याकडे गाणं म्हणायची शिक्षा असते."

"ते बक्षीस झालं, सर. असं लिहू या. जो इथलं बाहेर नेईल, त्याने ते जिथे नेलं तिथेच, त्याच लोकांसमोर, स्वतःची सगळ्यात मोठी लाज सांगायची. कान लाल होईपर्यंत. आणि सही सगळ्यांची. तुमचीही."

"हे फारच खोल आहे," कोच हळूच म्हणाला. त्याने पाचवं कलम स्वतःच्या हाताने लिहिलं आणि सगळ्यात आधी, सगळ्यात मोठी सही केली.

इथे कुणाला वाटेल, हा माणूस इतका मठ्ठ कसा? तो मठ्ठ नव्हता. त्याने आजवर एकशे अठरा करार घडवून आणले होते, मोठ्या कागदांवर, चार रंगांच्या पेनांनी, आणि त्यातला एखादा करार आपल्यालाही लागू असू शकतो ही शक्यता त्याच्या मनाला एकदाही शिवली नव्हती. लग्नं लावणाऱ्या माणसाला कुठे वाटतं की प्रत्येक वेळी आपलंच लग्न लागतंय?

तिसऱ्या आठवड्यात प्रगती विचारली गेली.

"अडथळा काय येतोय?" कोच म्हणाला.

"त्याने चूक केली पाहिजे. स्वतःहून. आणि ती आता, नव्या नियमानंतर."

"त्याला काय आवडतं?"

"दुसऱ्याची गोष्ट. जिच्यात माणूस आपल्याच धंद्यात उघडा पडतो, अशी."

"मग सोपं आहे," कोच पायावर पाय टाकून म्हणाला. "अशी एक गोष्ट त्याच्यासमोर ठेवा. ही जात मला माहीत आहे. यांच्या पोटात काही राहत नाही. स्टेज दिसलं की सांगितल्याशिवाय राहायचा नाही तो." आणि त्याने तिला गृहपाठ दिला: गोष्ट शोधणे, सोबतीला मुख्याध्यापिका.

जिन्यावर बाईंनी लिफ्टवालीला गाठलं. मागून बेकरीवालाही आला.

"गोष्ट माझ्यावर सोड," बाई म्हणाल्या.

"बाई, खोटं बोलावं लागेल. आणि माणूस कोण ते मी तुम्हाला सांगितलंही नाही."

"मी 'का' विचारलं नाही आणि 'कोण' विचारायची मला गरज नाही. आणि खोट्याचं म्हणशील, तर एकतीस वर्षं मी आईबापांना सांगत आले, 'तुमचा मुलगा हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही.' मला खोटं शिकवतेस?"

"मलाही काहीतरी द्या की, बाई," बेकरीवाला म्हणाला. "नियम तीन आहे."

"तू रड. माझं सांगून झालं की. लगेच नको, चार मोज आणि रड."

"मला असं ठरवून रडायला येत नाही."

"तुझी ताई दारात उभी आहे, हातात यादी आहे."

बेकरीवाल्याचा खालचा ओठ थरथरला. "आलं, आलं," तो म्हणाला.

पाचव्या आठवड्यात बाईंनी सांगितलं की त्यांना घड्याळ वाचता येत नाही. कधीच आलं नाही. एकतीस वर्षं शाळेची घंटा त्यांच्या हुकुमावर वाजली, आणि हुकूम त्या शिपाई खोकला की द्यायच्या. एकदा शिपायाला सर्दी झाली तेव्हा शाळा सव्वानऊला सुटली. यातलं अक्षरही खरं नव्हतं. बाई इतक्या वक्तशीर होत्या की शेजारी त्यांच्या दाराच्या आवाजावर औषधं घ्यायचे. चार आकडे झाले आणि बेकरीवाला असा काही रडला की खालचं ड्रिल थांबलं.

कोचचे डोळे चमकायला लागले होते. "म्हणजे मोठा काटा कुठला, छोटा कुठला, तेही...?"

"दोन्ही सारखेच वाटतात हो," बाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या.

"आणि शाळा सव्वानऊला?" त्याने खिशातून छोटी वही काढली. "फक्त मनन करायला लिहून ठेवतो हं." त्याने दीड पान मनन केलं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सासूबाई दारात आल्या. "कुठे निघालीस एवढी कडक इस्त्री करून?"

"ध्येयाला."

"कसलं गं ध्येय?"

"सूड, आई."

"अगं बाई." सासूबाईंनी क्षणभर विचार केला. तो व्हिडिओ टाकल्यापासून त्या सुनेशी जरा जपून होत्या. "किती वाजेपर्यंत आटपेल?"

"साडेबारा."

"मग थांब, मीही येते. येताना माझी औषधं घेऊ."

सभागृह तिसऱ्या मजल्यावर होतं. सासूबाई लिफ्टने गेल्या आणि वर पोचून सुनेची वाट बघत उभ्या राहिल्या. दाराशी टेबलावर मखमली पुठ्ठ्याची जाड वही ठेवली होती, 'बदललेल्या आयुष्यांची पत्रं', आणि येणारे-जाणारे ती चाळत होते. आत स्टेजच्या मागे कोचचा पुरुषभर उंच फोटो होता. फोटोच्या वर त्याचं वाक्य: करार म्हणजे करार. साहेब तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते.

कोचच्या भाषणाचा विषय होता 'वेळेचं भान'. लिफ्टवालीला भीती होती ती एवढीच, की याला ऐन वेळी शहाणपण सुचेल. ती उगाच घाबरली. चौथ्याच मिनिटाला कोच म्हणाला, "एक मुख्याध्यापिका होत्या. नाव नाही घेत..." आणि सव्वानऊला सुटलेल्या शाळेवर तीनशे माणसं खुर्च्या हलेपर्यंत हसली. साहेब तर समोरच्या माणसाच्या पाठीवर थापा मारत होते.

हसू ओसरायच्या आत बाई उठल्या. त्यांच्या मागे लिफ्टवाली, बेकरीवाला आणि ते पाच जण. पाचांनी मिळून तो मोठा कागद उलगडून धरला. त्यांना पहिल्यांदाच आपल्या वजनाचा उपयोग झाल्यासारखं वाटलं. कागद पंख्याच्या वाऱ्यात हललाही नाही.

"कलम पाच, सर," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांचा आवाज होता, माईकची गरज नव्हती.

कोच हसला. "बाई, मी नाव कुठे घेतलं?"

"कलमात नावाचा उल्लेख नाही. ही सही तुमची का?"

"हो, पण ते..."

"तुमच्या डोक्यावर काय लिहिलंय, ते जरा मोठ्याने वाचता का?"

कोचने मान वळवून वर बघितलं. तो वाचणार नव्हता, पण तीनशे जणांनी वाचलं. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. "करार म्हणजे करार! करार म्हणजे करार!" टाळ्यांच्या ठेक्यावर सभागृह दणाणलं. या माणसाने लोकांकडून हे वाक्य बारा वर्षं घोकून घेतलं होतं.

कोचने हात वर केला. "ठीक आहे. माझी लाज अशी की..." त्याने आवाज खाली आणला, "मी फार काम करतो. घरच्यांना वेळ देत नाही."

बाई पहिल्या रांगेपर्यंत गेल्या आणि चष्मा सावरून त्याच्या कानांकडे बघितलं. "ही बढाई झाली. पुन्हा."

"शाळेत एका वर्षी मी नापास झालो होतो."

"निम्मं सभागृह झालंय. पुन्हा."

लोक हसत होते, आणि लिफ्टवाली ते हसू मनातल्या मनात मोजत होती. अजून थोडं. अजून थोडं जड झालं की आपली बाजू वर येईल.

कोचने पाणी प्यायला ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग तो माईकपासून जरा लांब उभा राहून बोलायला लागला, तरी ऐकू येत होतं.

"बाहेर ती वही आहे ना, पत्रांची. त्यात बासष्ट पत्रं आहेत. एकसष्ट माझ्या आक्काने लिहिलीत." कुणीतरी खुदकलं. "अक्षर वेगळं दिसावं म्हणून ती डाव्या हातानेही लिहायची. एक खरं आहे. एका लिफ्टवाल्या बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की कुणाला तरी सांगता आलं, हलकं वाटलं. बारा वर्षांत तेवढं एक आलं. मी एकाच माणसाच्या उपयोगी पडलो, आणि तुम्हाला हसवायला तीच वापरली. दुसरं कुणी नव्हतंच माझ्याकडे."

कान आधी कडेला लाल झाले, मग पाळीपर्यंत. बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं: अकरा चाळीस.

"त्या बाई आज इथे असतील तर..." कोचने सभागृहावर नजर फिरवली. ती लिफ्टवालीवरून सरकून पुढे गेली. "जाडजूड आहेत, दिसतीलच."

"मीच ती," लिफ्टवाली म्हणाली.

"तुम्ही?" कोच तिच्याकडे बघत राहिला. "पण तुम्ही तर बारीक आहात."

"जाड तुम्ही केलंत."

तिला त्याची दया आली. ती तिने नीट घडी करून बाजूला ठेवली; बारा आठवड्यांचं काम होतं, दयेला त्यात तास दिलेला नव्हता. तिने कान टवकारले आणि हसण्याची वाट पाहिली.

कुणीच हसलं नाही. काही जण स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मागच्या रांगेत एका बाईने नाक शिंकरलं. मग लोक हळूहळू उठले, एकमेकांना वाट देत बाहेर पडले, आणि जाताना त्या वहीला कुणी हात लावला नाही.

लिफ्टवालीने जिन्याच्या तोंडाशी साहेबांना गाठलं. "साहेब, झालं. आता पिशवी द्या."

"कसली?"

"हत्यारांची. तुम्ही म्हणाला होतात, लोकांचं हसू थांबलं की."

"त्याच्यावर शेवटी कुणी हसलंच नाही, मग थांबणार काय?" साहेब म्हणाले. "तुझ्यावरचं वेगळं."

"माझ्यावर तुम्हीही हसलात. तिसऱ्या रांगेत."

"मी?" साहेबांना खरंच धक्का बसला. "मी नव्हतो हसलो. मला तर वाईट वाटलं होतं. काय हो?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. तोही मागच्या वर्षी होता. तोही हसला नव्हता. लिफ्टवाली दारात उभी राहून एकेकाला विचारत गेली. बेकरीवाला मदतीला आला, नियम तीन म्हणून. दहा झाले, वीस झाले, चाळीस झाले. मागच्या वर्षी हसलेलं एकही माणूस सापडेना. सगळ्यांना आठवत होतं की लोक खूप हसले होते, पण ते लोक कोण, हे कुणाला सांगता येईना.

"आई, तुम्ही तर व्हिडिओ बघून हसलात," शेवटी ती सासूबाईंना म्हणाली. "लिहिलं होतंत तुम्ही."

"छे गं," सासूबाई म्हणाल्या. "मी खोकत होते."

"असं कर," साहेब लिफ्टचं बटण दाबत म्हणाले, "लेखी दे. अर्ज कर रीतसर. बघू."

लिफ्ट आली. साहेब आत शिरले, दार बंद झालं आणि दिवा खाली सरकत गेला. लिफ्टवालीने आवाज ऐकला. ब्रेक घासत होता. महिनाभर काढेल फार तर. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी तिने तक्रारींच्या टेबलावरचा फोन उचलून बाजूला ठेवला, कोरा अर्ज ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति, मा. विभागप्रमुख, दुरुस्ती व देखभाल.

विषय: हसू परत मिळणेबाबत.

महोदय, मागील वर्षी भरलेल्या मेळाव्यात अर्जदारावर अंदाजे तीनशे व्यक्ती एक मिनिट दहा सेकंद हसल्या. सदर हसू कोणाचे होते याचा तपास लागत नसून, त्यामुळे ते थांबल्याचे प्रमाणपत्र सादर करणे अर्जदारास शक्य नाही. सबब विनंती की, संबंधित सर्व व्यक्तींनी आपापले हसू कार्यालयीन वेळेत, समक्ष, ओळखपत्रासह, जिन्याने येऊन अर्जदाराकडे जमा करावे व पोच घ्यावी. आपण हसलोच नव्हतो असा दावा असल्यास तो न हसलेल्या दोन साक्षीदारांच्या सहीने करावा. खोकल्याचा दावा असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा. घरातील व्यक्तींना यातून सूट नाही. शेवटचे हसू जमा होताच अर्जदाराची हत्यारे अर्जदारास परत करण्यात यावीत, आणि तोपर्यंत शहरातील सर्व लिफ्ट, आतील माणसांसह, दोन मजल्यांच्या मधोमध उभ्या ठेवण्यास अर्जदारास लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.